नीळकंठाचा डबा

बाय, तुझ्या चिंध्या काल मी वाळत घातल्या.

तेरावं होऊन गेलं, पाहुणे पांगले, आणि तुझे मालक, दादा, ओटीवर बसून नुसते नखांतला जुना रंग कोरत राहायचे. शेवटी मीच आतून म्हटलं, किन्हवलीच्या त्या दुकानाच्या दारांचं काम अर्धं राहिलंय ना, तेवढं करून या. गेले. संध्याकाळी आले आणि नेहमीसारखा रंगाच्या चिंध्यांचा बोळा परसदारी टाकून हातपाय धुवायला विहिरीवर गेले. मी भाकऱ्या करत होते. एक तव्यावर टाकली आणि लक्षात आलं, की तो बोळा उचलणारं आता घरात कुणी नाही.

भाकरी करपली. पिठाच्या हातांनीच बाहेर गेले, बोळा सोडवला आणि एकेक चिंधी झटकून कुंपणाच्या काठ्यांवर पसरली, एकीचं टोक दुसरीला लागणार नाही अशी. पेंढ्याच्या उडवीपासून लांब, चुलीपासून लांब, सगळं तू करायचीस तसं. पलीकडची काकू बघत होती. पूर्वी ती विचारायची, तुमच्या परसाला देवऋष्यानं चिंध्या बांधल्यात का गो. काल नुसती बघून आत गेली.

चिंध्यांचं आपलं भांडण मिटलेलं नाही, हे तुला ठाऊक आहे. तू म्हणायचीस, तेलाच्या चिंध्यांचा बोळा ठेवला की तो आपणहून तापतो आणि एखाद दिवशी घर पेटवतो. मी म्हणायची, चिंधी काय खुडुक कोंबडी आहे, बसल्या जागी तापायला? तर तू म्हणालीस, "ओला पेंढा दाबून रचला तं उडवी पोटातून तापते का नाय? हात घालून बघितलायस ना?"

"पेंढा ओला असतो. चिंधी तेलकट."

"तेल पण वाळतंच ना गो. वाळताना तापतं."

"तुला कुणी सांगितलं?"

"माझ्या हातानं सांगितलं."

एका दुपारी सावलीतला बोळा उचलताना तुझ्या हाताला ऊब लागली होती, एवढाच तुझा पुरावा. मी म्हटलं, सकाळचं ऊन पडलं असेल. तू म्हणालीस, तिथं ऊन येतच नाय. यावर आपण किती वर्षं घातली असतील, देव जाणे. आता तू नाहीस म्हणून मी जिंकले, असं काही होत नाही. काल चिंध्या पसरल्या म्हणजे मी हरलेच की.

मी शहापूरची. तालुक्याच्या गावची मुलगी या खेड्यात धाकटी सून होऊन आली, तेव्हा माझं नाक कुठं असायचं ते तू पाहिलं आहेस. तू माझी थोरली जाऊ, म्हसा गावाकडची, जत्रेच्या धुळीत वाढलेली. तुझं नाव सुभद्रा, पण पहिल्याच दिवशी तू मला म्हणालीस, "जाऊबाई नको म्हणूस, तोंड दुखंल. बाय म्हण." त्या वेळी तुझ्या कानाच्या पाळीला हिरवा रंग लागलेला होता. मला वाटलं, ही काय अवतार. नंतर कळलं, की दादा बैलगाड्या रंगवतात, दारं रंगवतात, दुकानांच्या पाट्या रंगवतात, आणि त्यांच्या मागं राहिलेलं सगळं तू निस्तरतेस.

पौषात म्हशाची जत्रा आली की आपलं अंगण गाड्यांनी भरून जायचं. प्रत्येकाला आपली गाडी जत्रेत उठून दिसायला हवी. कुणाला चाकाच्या आऱ्या पिवळ्या हव्यात, कुणाला साटीच्या फळ्यांवर मोर हवा. दादांचे हात चालायचे आणि परसात डबे साठायचे. ब्रश धुतलेलं टर्पेंटाईन, तळाला राहिलेलं रोगण, आणि बेलतेल.

सगळं महाभारत झालं ते या बेलतेलावरून. रंगाऱ्यांच्या धंद्यात अळशीच्या उकळलेल्या तेलाला बेलतेल म्हणतात. साहेबाचा कुठला तरी शब्द रंगाऱ्यांच्या तोंडात बसून बेल झाला, असं दादा म्हणतात. बेलाच्या झाडाशी त्याचा सुतराम संबंध नाही. पण हे आत्यांना कोण सांगणार? आत्या, म्हणजे आपल्या सासूबाई. सोमवार कधी न चुकवलेली बाई. त्यांच्या कानावर वर्षानुवर्षं पडत आलं होतं, दादा, बेलतेल आण, बेलतेल संपलं, बेलतेल उरलं. त्यांनी आपल्या मनाशी जमवून टाकलं होतं की हे बेलाचं तेल, म्हणजे महादेवाचं. दादा ते दारांना फासतात याचं त्यांना वाईट वाटायचं, पण पोटासाठी करतो बिचारा, असं म्हणून त्या सोडून द्यायच्या.

महाराष्ट्र झाला त्याच्या आदल्या साली, जत्रेचा हंगाम फार मोठा झाला. उरलेलं सगळं दादांनी एका मोठ्या डब्यात एकत्र केलं आणि तुला म्हणाले, टाक कुठंतरी. तू तो डबा परसात भिंतीशी ठेवलास, कारण कुठंतरी म्हणजे कुठं, हे तुला ठरवायचं होतं. ओहळ आटत आला होता. मला आठवतं, मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, "आमच्या शहापुरात गटारात ओततात."

"नि गटार कुठं जातं?"

"खाली जातं."

"खाली कोन राहतं?"

 शहापुरात वाढले, पण गटाराच्या खाली कोण राहतं हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तू काही मला हिणवलं नाहीस. नुसती डब्याकडं बघत राहिलीस आणि म्हणालीस, उद्या बघू.

दुसऱ्या दिवशी शिवरात्र होती. आत्या पहाटेच उठल्या, पूजा केली, निर्माल्य गोळा केलं. देवाचं पायदळी येऊ नये म्हणून निर्माल्य पाण्यात सोडायचं, ही रीत. परसात त्यांना तो डबा दिसला. महादेवाचं तेल, शिवरात्रीच्या दिवशी उकिरड्याजवळ पडलेलं. त्यांना काय वाटलं असेल ते मी समजू शकते. फुलं आणि बेलाची पानं वर ठेवून त्यांनी डबा उचलला, ओहळात पाणी साचून राहिलेल्या कोंडीपर्यंत नेला आणि हात जोडून पाण्यात रिकामा केला.

त्या कोंडीच्या जरा खाली, वाळूत, गावाबाहेरच्या वाडीचा डवरा होता. ओहळ आटला की वाळूत खड्डा खणायचा आणि त्यात पाझरून येणारं पाणी करवंटीनं हंड्यात भरायचं, तो डवरा. पुढचा पाऊस येईपर्यंत वाडीच्या पोटात जायचं ते तेवढंच पाणी. आपल्या घराला विहीर होती. पण वाडीच्या माणसांनी आपल्या विहिरीच्या दोराला हात लावायचा नाही, हा आत्यांचा नेम होता, त्यांच्या सासूपासून चालत आलेला.

सकाळी वाडीवरची सोनी आली. रिकामा हंडा कमरेवर, अंगणाच्या कडेला उभी राहिली, नेहमी राहायची तशी.

"बाय, पाण्यावर मोरपीस पसरलंय गो," ती म्हणाली. "नि वास येतोय. दादाच्या हाताला येतो ना, तसाच."

तू एकदा भिंतीकडं पाहिलंस. डबा नव्हता. मग आत्यांकडं पाहिलंस. आत्या उंबऱ्यातच होत्या. त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "मीच सोडलं. बेलाचं तेल ते. देवाला चालतं नि तुमाला नाय चालत?"

आता भांडण होणार म्हणून मी पदर खोचला. खोटं कशाला सांगू, मला हवंच होतं. मी तोंडाशी शब्दही आणून ठेवले होते. पण तू पाठ वळवलीस. दोर आणि बादली घेतलीस, विहिरीवर गेलीस आणि पाणी शेंदायला लागलीस. पहिली बादली सोनीच्या हंड्यात वरून ओतलीस. आत्या काठी टेकत मागोमाग आल्या.

"काय चाललंय?"

"पानी शेंदते."

"ते दिसतंय मला."

"मग इचारता कशाला, आत्या?"

"वाडीचं भांडं आपल्या इहिरीवर?"

"भांडं खाली हाय. दोराला मीच हात लावलाय. तुमच्या नेमाला धक्का लागला का?"

नेमाला धक्का लागला नव्हता. तू नेम मोडला नाहीस आणि पाळलाही नाहीस. अशी युक्ती मला जन्मात सुचली नसती. थोड्या वेळानं सगळी वाडी हंडे घेऊन आली. तू शेंदत राहिलीस. तुझे तळवे सोलले, तेव्हा मी दोर हातात घेतला. आत्या ओटीवर पाठ करून बसल्या होत्या, पण घरात गेल्या नाहीत.

दुपारी आपण दोघी पेंढ्याचे भारे घेऊन ओहळावर गेलो. कोंडीवर तेलाचा तवंग होता, खरंच मोरपिसासारखा, आणि मला क्षणभर तो सुंदर वाटला. तू म्हणालीस, "बघत काय बसलीस, जत्रा हाय का?" आपण पेंढा पाण्यावर पसरला, त्याला तेल पिऊ दिलं आणि काढून वरच्या उघड्या कातळावर नेऊन पातळ पसरला. मी म्हटलं, पेटवून देऊ, झंझट जाईल. तू म्हणालीस, "नाय. यो पेंढा नि आग, दोघांची गाठ घालायची नाय." त्यावर दगड ठेवले आणि वाऱ्याला ते काम दिलं. वाडीच्या बायकांबरोबर कोंडीच्या बरंच वर, स्वच्छ वाळूत नवा डवरा खणला. पाणी यायला वेळ लागला. तोवर तू काठावर बसून राहिलीस. सोनीची सासू म्हणाली, जा गो बाय, येईल पाणी, वाळूत हाय. तू म्हणालीस, बघून जाते. तळाची वाळू ओली झाली, मग गढूळ पाणी साचलं, मग ते निवळलं, आणि तू करवंटी भरून आधी स्वतः प्यालीस. मी शहापूरची, मला ते बघवेना. आज वाटतं, मीही प्यायला हवं होतं.

पण बाय, मला तुझं खरं कौतुक वाटतं ते पाणी शेंदण्याचं नाही. ते कुणीही जिवाच्या करारावर केलं असतं. दिवेलागणीला तू आत्यांसमोर जाऊन बसलीस, त्याचं वाटतं. मी असते तर म्हटलं असतं, आत्या, बेल कसला नि काय कसला, ती अळशी आहे, तुम्हाला काही कळत नाही. आत्या हरल्या असत्या आणि पुढच्या शिवरात्रीला हट्टानं पुन्हा तेच केलं असतं. तू त्यांच्या देवाला हात लावला नाहीस. उलट त्यालाच मधे बोलावलंस.

"आत्या, समुद्र घुसळला तवा इख निघालं. ते कुनी घेतलं?"

"महादेवानं." आत्या सावध झाल्या होत्या.

"गिळलं?"

"गिळंल कसा? कंठात ठेवलं. म्हणून तं नीळकंठ."

"मग थुंकलं कुठं?"

"थुंकंल कशाला? देव हाय तो."

"डोक्यावर गंगा होती, आत्या. एवढं वाहातं पानी. तिच्यात टाकलं असतं तं लांब वाहून गेलं असतं. त्याला काय कठीण होतं?" तू समईची वात पुढं सारत होतीस. आवाजही चढवला नाहीस. "पन नाय टाकलं त्यानं. पान्यात नाय टाकलं. मग त्याच्या नावाचं तेल आपन पान्यात टाकायचं का?"

 आत्या समईकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, "मग ठेवायचं कुठं?"

मी केलं ते चुकलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. तूही त्यांना तसं म्हणायला लावलं नाहीस. तू फक्त उत्तर दिलंस, "कंठात."

दुसऱ्याच दिवशी तू रोगणाचा एक घट्ट झाकणाचा डबा घासलास आणि दादांकडून त्याच्या गळ्याभोवती निळा पट्टा काढून घेतलास. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावं, म्हणून निळा. तो नीळकंठाचा डबा. परसात, गोठ्याच्या बाहेरच्या भिंतीला उंच फळीवर त्याची जागा. सावली हवी, वारा हवा, चूल लांब हवी आणि गुरांचं तोंड पोचायला नको. उरलेलं टर्पेंटाईन, ब्रश धुतलेलं पाणी म्हणून जे जे दादा टाकायचे ते, सगळं त्यात. तांब्यात नाही, बाटलीत नाही, पाणी पिण्याच्या कुठल्याही भांड्यात नाही. एकदा आमच्या ह्यांनी घाईत पेल्यात थोडं ओतून ठेवलं, तर तू तो पेला ठेचून सपाट केलास आणि त्यांच्या ताटाशेजारी वाढलास. 

डब्यात रंग हळूहळू खाली बसायचा, आणि वरचं टर्पेंटाईन गढूळ पाण्यासारखं निवळायचं. वरचं निवळ तू अलगद दुसऱ्या डब्यात काढायचीस आणि दादांना द्यायचीस, पुढच्या वेळी ब्रश त्यात पहिला धुवायचा. दादा म्हणायचे, नवीन आणू की. तू म्हणायचीस, आधी ह्याला कामाला लाव. तळाचा गाळ घट्ट व्हायचा. सगळ्या गाड्यांचे सगळे रंग त्यात असायचे, मोराचा निळा, आऱ्यांचा पिवळा, साटीचा लाल, आणि सगळे मिळून शेणापेक्षा जरा काळा असा एक रंग व्हायचा. तो तू गाड्यांच्या पोटाला लावायला द्यायचीस, जिथं कुणी बघत नाही आणि बैल चाटत नाही. वाळवी लागत नाही म्हणून लोक मागून न्यायला लागले. कंठी रंग. आता तर म्हशापर्यंत तो शब्द गेला आहे, आणि तिकडं लोकांना वाटतं की हा कुठल्या तरी कंपनीचा रंग आहे.

दादांचे हात रॉकेलनं धुणंही तू बंद केलंस. गोडं तेल चोळायचं, वर राख, मग पाणी. आत्यांनी गोड्या तेलावरून चार दिवस धुसफूस केली. तू म्हणालीस, हातानं जेवतो तो, आत्या, रॉकेलचा घास तुमाला चालंल का लेकाच्या तोंडात? लेकाच्या तोंडाचं नाव काढल्यावर आत्यांची बुधलीवरची नजर निघाली.

मुरबाडचा तो दादांचा रंगारी मित्र आला होता, आठवतो? मोठमोठ्यानं हसला होता निळ्या पट्ट्याला. "सुभद्राबाय, एवढ्याशा तेलानं काय होतंय?"

"एवढंसंच हाय ना? मग तुमच्या हंड्यात घालू का?"

तो हसतच गेला. पण जाताना त्यानं डबा उघडून आत पाहिलं होतं, आणि पुढच्या खेपेला दादांना विचारत होता की झाकण कसं लावता. हे तुला मी सांगितलं होतं का? बहुतेक राहिलंच. राहिलेल्या गोष्टी आता अशा एकेक आठवतात.

तो शब्द तर घरात असा मुरला की रंगाबाहेर गेला. माझी जीभ तिखट. मी काही बोलायला तोंड उघडलं की तू चुलीशी बसल्या बसल्या म्हणायचीस, "धाकटे, कंठात घाल." मी चरफडायची. पण घालायची. आणि रंगासारखंच व्हायचं, दोन दिवसांनी गाळ खाली बसायचा, आणि वर जे राहायचं ते बोलण्यासारखं असायचं. तुझ्यामुळं मी किती माणसं राखली, याचा हिशेब मी कधी तुला दिला नाही. आज देते, बाय. शेजारची काकू, माझी स्वतःची बहीण, आणि आमचे हे.

तुझ्याही कंठात एक गोष्ट होती, हे मला माहीत होतं. एकदा वाडीच्या बायकांबरोबर डवऱ्याची वाळू उपसून येताना मी तुला विचारलं, "इतक्या वर्षांत आत्या एका शब्दानं म्हणाल्या नाहीत की चुकलं म्हणून. सोनीला तरी म्हणायला हवं होतं. तुला राग येत नाही?"

तू डोक्यावरचं घमेलं सावरलंस. "येतो ना."

"मग?"

"कंठात हाय."

"आणि निवळला नाही तर?"

"निवळंल," तू म्हणालीस. "हालवायचं नाय फक्त."

मला ते पटलं नव्हतं. काही गोष्टी हलवल्याशिवाय निवळत नाहीत असं माझं मत, आणि ते मी तुला वाटभर ऐकवलं. नवा डवरा झाला तशी वाडी परत आपल्या डवऱ्यावर गेली होती, आणि आत्यांचा नेम होता तिथंच होता. सोनी आली की अजून अंगणाच्या कडेलाच उभी राहायची. दर शिवरात्रीला आत्या निळ्या पट्ट्याच्या डब्याला बेलाचं पान वाहायच्या आणि वर बघायच्याही नाहीत. तू समाधानी होतीस. मी नव्हते. यावर आपलं शेवटचं बोलणं झालं ते तुझ्या आजारपणाच्या थोडं आधी, आणि ते अर्धंच राहिलं, कारण दूध उतू गेलं.

आता ते सांगते. त्यासाठीच लिहायला बसले आहे, आणि इतका वेळ डबे नि चिंध्या करत बसले. तू असतीस तर म्हणाली असतीस, धाकटे, मुद्द्यावर ये.

तुझी ती शेवटची दुपार. ताप उतरत नव्हता, आणि शहापूरहून आलेले डॉक्टर दादांना ओटीवर घेऊन जाऊन काहीतरी हळू बोलले होते. तू डोळे मिटून पडली होतीस. ओठ सुकले होते. वाडीवरच्या बायका अंगणाच्या कडेला बसल्या होत्या, सकाळपासून. आत्या देवघरातून त्यांचा गडू घेऊन आल्या. काशीहून कुणीतरी आणून दिलेली गंगा, लाखेनं तोंड बंद केलेली. स्वतःच्या शेवटच्या घोटासाठी ती त्यांनी इतकी वर्षं जपली होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्या तुझ्या उशाशी बसल्या, गडू मांडीवर घेतला, लाख फोडायला नख लावलं. आणि थांबल्या.

मला वाटलं, ऐन वेळी जीव अडकला म्हातारीचा गडूत. मी तोंड उघडणार होते. तुझं सांगणं आठवलं आणि मिटलं.

आत्यांनी गडू खाली ठेवला. दाराकडं तोंड करून म्हणाल्या, "सोनी कुठं हाय?"

सोनी कडेलाच होती. उभी राहिली.

"डवऱ्याचं पानी आन."

सोनी धावली. ती येईपर्यंत आत्या तुझे केस मागं सारत होत्या. ती आली, सवयीनं अंगणाच्या कडेला थांबली आणि तांब्या पुढं करून मला हाक मारली, म्हणजे मी जाऊन घ्यावा. मी उठले तर आत्यांनी माझा हात धरून खाली बसवलं.

"आत ये गो," त्या सोनीला म्हणाल्या. "तूच पाज तिला. तुमचं पानी मी नासवलं नि हिनं राखलं. तेच जाऊ दे तिच्या तोंडात."

सोनी उंबऱ्यावर क्षणभर अडखळली, मग आत आली. तुझं डोकं तिनं आपल्या मांडीवर घेतलं. मला तेव्हापासून एकच घोर लागला होता, बाय, की तू ऐकलंस की नाही. आत्यांना इतकी वर्षं लागली, आणि तू ऐकायच्या पलीकडं गेली असशील तर? दादांना विचारलं, त्यांना माहीत नाही. सोनीला विचारलं, ती नुसती रडते. मग काल चिंध्या पसरताना मला आठवलं की मला विचारायची गरजच नाही, मी तुझ्यासमोर बसले होते. सोनीनं तांब्या तुझ्या ओठांना लावला. दिवसभर तुझ्या तोंडातून पाणी बाहेर येत होतं, मीच पुसत होते. हे आलं नाही. हे आत गेलं. तुझा कंठ हलला.